खणलेल्या तळ्यांकाठची तीन गावे

वुडबास्टविक, रॅनवर्थ आणि पँक्सवर्थ ही इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक परगण्यातली तीन लहान गावे. तिन्ही मिळून एकच पॅरिश, म्हणजे स्थानिक कारभाराचा सर्वांत छोटा घटक, होते. नॉरिच शहरापासून हा भाग जेमतेम पंधरा किलोमीटरवर आहे. लोकवस्ती काहीशे माणसांची. वुडबास्टविकला गवताने शाकारलेली घरे, गवताचेच छप्पर असलेले चर्च आणि मधोमध हिरवळीचा चौक आहे. पँक्सवर्थच्या चर्चचा आता फक्त मनोरा उभा आहे. रॅनवर्थला बोटी लागण्याचा धक्का आहे आणि टेकाडावर एक भले मोठे चर्च आहे. पॅरिशच्या उत्तरेला ब्युअर नदी संथपणे वळणे घेत जाते. नदीकाठाने दलदल, रीड या उंच गवताची बने, ओल्या जमिनीत वाढणाऱ्या आल्डर झाडांची दाटी आणि त्यांच्या मधून डोकावणारी उथळ, रुंद तळी. या तळ्यांना तिकडे ‘ब्रॉड’ म्हणतात, आणि अशा साठेक तळ्यांमुळे सगळ्या प्रदेशालाच ‘द ब्रॉड्स’ हे नाव पडले आहे.

पाहणाऱ्याला वाटते, हे सगळे निसर्गाने घडवले आहे. शेकडो वर्षे स्थानिक लोकांनाही तसेच वाटत होते. भूगोलाच्या अभ्यासकांनी त्याची कारणेही दिली होती. पूर्वी येथे समुद्राची खाडी होती, ती गाळाने भरत गेली आणि मागे राहिलेले पाणी म्हणजे ही तळी, असे ते स्पष्टीकरण होते. खाडीचा भाग खरा होता. तळ्यांचा मात्र नव्हता. ही तळी माणसांनी खणली, तीही पाण्यासाठी नव्हे, चुलीसाठी. ते ज्या पद्धतीने उघडकीस आले ती हकीकत मला विसाव्या शतकातल्या विज्ञानातल्या सर्वांत देखण्या शोधकथांपैकी एक वाटते.

जॉइस लॅम्बर्ट ही वनस्पतिशास्त्रज्ञ. तिचा जन्म १९१६ चा. ती वाढली याच भागात, यार नदीकाठच्या ब्रंडल गावात. दलदलीतल्या वनस्पती कोणत्या क्रमाने वाढतात आणि तळे हळूहळू जमिनीत कसे बदलते, हा तिचा विषय होता. त्यासाठी चिखलात खोलवर हाताने गिरमिट फिरवायचे आणि वेगवेगळ्या खोलीवरचा नमुना वर काढून पाहायचा, असे काम ती वर्षानुवर्षे करत होती. जेनिंग्ज या भूरूपशास्त्रज्ञानेही असेच नमुने घेतले होते, आणि तळी नैसर्गिक आहेत असा निष्कर्ष काढला होता. त्याचे ते लेखन १९५२ साली प्रसिद्धही झाले. पण त्याने घेतलेली भोके एकमेकांपासून बरीच दूर होती. लॅम्बर्टने ती जवळजवळ घेतली आणि चित्र पालटले.

नैसर्गिक तळ्याचा काठ उतरता असतो. येथे चिखलाखाली दडलेले काठ भिंतीसारखे उभे निघाले. तळ सपाट होता आणि सुमारे तीन मीटर खोल होता. काही ठिकाणी खालच्या पीट नावाच्या जळाऊ थरात पायऱ्या कापल्यासारख्या होत्या. तळ्याच्या मधोमध पीटचे अरुंद, सरळ बांध तसेच ठेवलेले आढळले. पाणी किंवा वारा असे कोरीवकाम करत नाही. हे फावड्याचे काम होते. स्वतःचे आधीचे मत बाजूला ठेवून जेनिंग्जही या अभ्यासात पुढे सहभागी झाला. त्यांच्यासोबत एका इतिहास-भूगोलतज्ज्ञाने मठांच्या आणि जहागिऱ्यांच्या जुन्या वह्या चाळल्या, एका पुरातत्त्वज्ञाने समुद्राची जुनी पातळी तपासली आणि एका अभियंत्याने मातीचा हिशेब मांडला. १९६० साली त्यांचा एकत्रित ग्रंथ निघाला. सगळ्या ब्रॉड्समधून मिळून अडीच कोटी घनमीटरांहून अधिक पीट माणसांनी उपसले होते, असे त्यांनी दाखवून दिले.

पीट म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा हजारो वर्षे साचत गेलेला थर. कापून वाळवला की तो जळतो. मध्ययुगात, विशेषतः बाराव्या ते चौदाव्या शतकात, नॉरफोकच्या पूर्व भागात इंग्लंडमधली अत्यंत दाट वस्ती होती. जंगल जवळपास उरले नव्हते. सरपण आणायचे कुठून? नॉरिच हे त्या काळी देशातल्या मोठ्या शहरांपैकी एक होते. तेथल्या कॅथेड्रलच्या मठाचा मुदपाकखाना चौदाव्या शतकात वर्षाला सुमारे चार लाख पीटच्या विटा जाळत होता. ही एकट्या एका स्वयंपाकघराची गरज. शहरातली हजारो घरे, मिठागरे, भट्ट्या आणि खेड्यांतल्या चुली यांची त्यात भर घातली, की अडीच कोटी घनमीटर कुठे गेले ते कळते.

तळी नदीच्या पात्रात नसून बाजूला का आहेत, याचाही उलगडा या शोधाने होतो. नदीलगतच्या पीटवर जुन्या खाडीने आणलेली चिकणमाती पसरली होती. ती बाजूला काढण्याची मेहनत कोण करणार? दरीच्या कडेला, जेथे चिकणमातीचा थर नव्हता किंवा पातळ होता, तेथे खालचे लाकडाच्या काड्यांनी भरलेले, उत्तम जळणारे पीट सहज हाती लागत असे. लोक तेथे खणत गेले. रॅनवर्थचा ब्रॉड अशाच एका बाजूच्या खोलगट भागात आहे. याच पॅरिशमधला कॉकशूटचा ब्रॉड नदीला समांतर, पण तिच्यापासून जमिनीच्या एका पट्टीने दूर आहे. एका कुटुंबाचा किंवा एका जहागिरीचा हिस्सा कुठे संपतो ते दाखवण्यासाठी मधे बांध सोडलेले असत. काही ब्रॉड्समध्ये आजही पॅरिशची हद्द पाण्याच्या मधून सरळ रेषेत जाते. वर पाहिले तर तेथे खुणेला काही नाही. चिखलाखाली मात्र सातशे वर्षांपूर्वीचा तो बांध आहे.

मग पाणी आले. समुद्राची पातळी जमिनीच्या तुलनेत वाढू लागली आणि वादळी भरत्या आत शिरू लागल्या. डिसेंबर १२८७ मधल्या पुराचे वर्णन ब्युअरकाठच्या सेंट बेनेट्स मठातल्या एका भिक्षूच्या बखरीत आहे. त्या पुरात हिकलिंग गावात १८० माणसे बुडाली. खाणी भरत गेल्या, तरी लोकांनी एकदम हात टेकले नाहीत. लांब दांड्याच्या अवजारांनी पाण्याखालून पीटचा चिखल ओढून काढायचा, तो तुडवायचा आणि विटा पाडून वाळवायचा, असे काही काळ चालले. त्यात कष्ट जास्त आणि मिळकत कमी. त्यातच १३४९ च्या सुमारास प्लेगने कामकरी माणसे नेली. जहागिऱ्यांच्या वह्यांत पीटच्या विक्रीच्या नोंदी आटत जातात आणि त्यांच्या जागी मासेमारीच्या हक्कांच्या नोंदी येऊ लागतात. खाणीचे तळे झाल्याची इतकी साधी आणि स्पष्ट साक्ष दुसरी नसेल. पुढे पिढ्या बदलल्या, खाणी विस्मरणात गेल्या आणि तळी ‘पहिल्यापासूनची’ ठरली.

आता थोडे पॅरिशविषयी. एका चर्चच्या आणि एका धर्मगुरूच्या देखरेखीखालचा प्रदेश म्हणजे पॅरिश, हा मूळ अर्थ. पण इंग्लंडच्या खेड्यांत ही व्यवस्था प्रार्थनेपुरती कधीच नव्हती. १५३८ पासून प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी असा हुकूम निघाला. १५५५ च्या कायद्याने गावचे रस्ते दुरुस्त करण्यासाठी पॅरिशमधल्या लोकांवर श्रमदान बंधनकारक झाले. १६०१ च्या गरीब कायद्याने निराधारांना पोसण्याची आणि त्यासाठी कर गोळा करण्याची जबाबदारी पॅरिशवर आली. म्हणजे जन्ममृत्यूची नोंद, रस्ता आणि गरिबाची भाकरी ही तिन्ही कामे एकाच ठिकाणी. १८९४ च्या कायद्याने चर्चची पॅरिश आणि नागरी पॅरिश यांची कामे वेगळी केली. निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिल सुरू झाल्या आणि त्यांत स्त्रियांना मत देण्याचा व सदस्य होण्याचा हक्क मिळाला. संसदेच्या निवडणुकीत तो मिळायला त्यांना आणखी चोवीस वर्षे वाट पाहावी लागली. आजची नागरी पॅरिश ही इंग्लंडमधल्या स्थानिक कारभाराची सर्वांत खालची पायरी. आपल्या ग्रामपंचायतीशी तिची तुलना करता येईल, फक्त तिचे अधिकार आणि पैसा दोन्ही बरेच कमी असतात.

पॅरिशच्या श्रीमंतीची कल्पना रॅनवर्थच्या सेंट हेलन चर्चमध्ये येते. लोक त्याला ‘ब्रॉड्सचे कॅथेड्रल’ म्हणतात. एवढ्याशा गावाला एवढे चर्च का, असा प्रश्न पडतोच. पंधराव्या शतकातला नॉरफोक लोकर आणि कापडाच्या व्यापारावर गबर झाला होता, आणि पैसा मिळवणाऱ्याने तो चर्चला द्यावा अशी रीत होती. येथला लाकडी चित्रफलक त्याच काळातला आहे. मुख्य वेदी आणि लोकांची बसायची जागा यांच्यामध्ये हा फलक उभा असतो. त्यावर बारा प्रेषित रंगवले आहेत. एका बाजूला सेंट जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला देवदूत मायकेल राक्षसी अजगराशी लढताहेत. कडेच्या वेदीमागे मेरी आणि तिच्या नात्यातल्या स्त्रिया मुलांना घेऊन बसल्या आहेत. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत इंग्लंडभर असे फलक फोडले गेले, चेहरे खरवडले गेले. रॅनवर्थचा फलक त्यातून बऱ्याच अंशी वाचला. देशातल्या सर्वोत्तम फलकांत त्याची गणना होते. त्याच काळातले, कातड्याच्या पानांवर सोन्यारंगाने सजवलेले गाण्यांचे एक हस्तलिखितही या चर्चचे होते. धर्मसुधारणेनंतर ते हातोहाती कुठे कुठे फिरले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा रॅनवर्थला परत आले. आज ते काचेच्या पेटीत ठेवलेले असते.

नदीच्या पलीकडच्या तीरावर, थोडे खाली, सेंट बेनेट्स मठाचे अवशेष आहेत. अकराव्या शतकाच्या प्रारंभी राजा कनूटने या मठाला जमिनी दिल्या. आठव्या हेन्रीने देशातले मठ बरखास्त केले, पण हा एक मठ कायद्याने कधीच बरखास्त झाला नाही. त्याने मठाधिपतीलाच नॉरिचचा बिशप नेमले आणि मठाची मालमत्ता बिशपच्या गादीला जोडली. भिक्षू पांगले, इमारतीचे दगड लोकांनी नेले, आणि अठराव्या शतकात मठाच्या दरवाजाच्या भिंतींमध्येच कोणी तरी पवनचक्की बांधली. पण नॉरिचचा बिशप आजही नावाने या मठाचा अधिपती आहे. दर वर्षी ऑगस्टमध्ये तो जुन्या शिडाच्या होडीतून येथे येतो आणि उघड्या आकाशाखाली उपासना होते.

ती होडी म्हणजे व्हेरी. रस्ते चिखलाचे असताना या पॅरिशचा सगळा माल पाण्यावरून जात असे. प्रत्येक गावाला नदीपर्यंत किंवा ब्रॉडपर्यंत खणलेला एक कालवा आणि त्याच्या टोकाला एक धक्का असे. रॅनवर्थचा धक्का त्यांतलाच. व्हेरीला एकच प्रचंड काळे शीड आणि पुढच्या टोकाजवळ एकच डोलकाठी. डोलकाठीच्या बुडाशी वजन बसवलेले असल्यामुळे पूल आला की ती आडवी करता येई आणि पूल गेला की पुन्हा उभी राही. दोन माणसे मिळून वीस-पंचवीस टन माल नेत. कोळसा, धान्य, विटा, लाकूड आणि परतताना रीडच्या पेंढ्या. आगगाडी आणि नंतर मोटारलॉरी आल्यावर हा धंदा बसला. मालवाहू व्हेरींपैकी अगदी मोजक्या उरल्या आहेत. १८९८ साली बांधलेली ‘अल्बियन’ त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. १९४९ साली स्थापन झालेल्या न्यासाने ती वाचवली आणि ती अजून चालते.

दलदलीतून गावाला काय मिळत होते, याची यादी केली तर तिला कोणी पडीक जमीन म्हणणार नाही. हिवाळ्यात रीड कापायचे. दोन-अडीच मीटर उंचीचे, पोकळ आणि चिवट दांड्यांचे हे गवत पाने गळून सोनेरी झाले, की डिसेंबरपासून वसंत ऋतू सुरू होईपर्यंत कापणी चाले. त्याने शाकारलेले छप्पर पन्नास-साठ वर्षे टिकते. छपराच्या आढ्यावर मात्र रीड वाकत नाही, मोडते. तेथे लव्हाळ्याच्या कुळातले, करवतीसारख्या धारेच्या पानांचे दुसरे गवत लागते. ते उन्हाळ्यात, तीन-चार वर्षांतून एकदा कापतात. त्याहून कोरड्या भागात मिश्र गवत उगवते. ते वाळवून लंडनच्या घोड्यांच्या तबेल्यांत अंथरायला जाई. आल्डरच्या फांद्या सरपणाला, मासे आणि बाम मासा बाजाराला, रानबदके हिवाळी शिकारीला.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत यातले पुष्कळसे सामाईक होते. मग सामाईक जमिनींना कुंपण घालण्याचे कायदे गावोगाव झाले. दलदल मोठ्या जमीनदारांत वाटली गेली. गरिबांच्या सरपणासाठी म्हणून काही पॅरिशमध्ये एक छोटा तुकडा बाजूला ठेवण्यात आला आणि त्याची देखरेख गावच्या विश्वस्तांकडे आली. असे तुकडे ब्रॉड्समध्ये आजही आहेत. जमीनदाराच्या वाट्याला आलेल्या दलदलीच्या मानाने ते फारच लहान होते. कुंपणाने गावाचा हक्क गेला, आणि त्याच्या बदल्यात मिळाले ते दान. माझ्या मते या प्रदेशाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अन्याय आहे, आणि सुंदर तळ्यांच्या माहितीपत्रकांत तो सहसा सापडत नाही.

दलदल कापली नाही तर काय होते, हे विसाव्या शतकाने दाखवले. घोडे गेले, तबेल्यांचे गवत कोणाला नको झाले. सरपणाच्या जागी कोळसा आणि वीज आली. स्वस्त रीड परदेशातून येऊ लागले, आणि आज इंग्लंडच्या छपरांवरचे बहुतांश रीड बाहेरचेच असते. कापणी थांबली की वाळलेली पाने साचतात, जमीन थोडी वर येते, विलो आणि आल्डरची रोपे धरतात, आणि काही दशकांत रीडच्या बनाचे जंगल होते. जॉइस लॅम्बर्टचा अभ्यासविषय हाच होता. १८३६ च्या कायद्यानंतर बहुतेक पॅरिशचे धर्मकरासाठी तपशीलवार नकाशे काढले गेले. त्या १८४० च्या आसपासच्या नकाशांवर ब्रॉड्समधले खुले पाणी शंभर वर्षांनंतरच्या तुलनेत कितीतरी जास्त दिसते. गावच्या कराचे नकाशे अशा रीतीने पर्यावरणाच्या इतिहासाचा पुरावा ठरले.

हा बदल प्रत्यक्ष पाहायचा तर रॅनवर्थची लाकडी पायवाट उत्तम. ती ओक झाडांच्या, तुलनेने कोरड्या रानातून सुरू होते. काही पावलांवर जमीन ओली होते आणि आल्डर लागतात. पायाखालचे रान तेथे थोडे हलते, कारण ते पाण्यावर तरंगणाऱ्या मुळांच्या जाळीवर उभे असते. मग झाडे संपतात आणि रीडचे बन येते. शेवटी खुले पाणी. जे व्हायला दीडशे-दोनशे वर्षे लागतात, ते उलट्या क्रमाने दहा मिनिटांत पाहून होते. टोकाला गवताने शाकारलेले, तरंगते माहितीकेंद्र आहे. १९७६ साली राणी एलिझाबेथने त्याचे उद्घाटन केले. समोरचा आतला ब्रॉड बोटींना बंद आहे. तेथे तराफे बांधून ठेवले आहेत आणि त्यांवर सुरय पक्षी घरटी करतात.

पण १९७६ साली ते पाणी आजारी होते. दुसऱ्या महायुद्धानंतर गावांना सांडपाण्याच्या वाहिन्या मिळाल्या आणि शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणारे फॉस्फरस थेट नद्यांत येऊ लागले. शेतांतून खतांचे नायट्रेट आले. या खाद्यावर सूक्ष्म शेवाळ माजले. पाणी वाटाण्याच्या सुपासारखे हिरवे झाले, तळापर्यंत उजेड पोहोचेना आणि पाण्याखालच्या वनस्पती मेल्या. त्यांच्या मुळांनी धरून ठेवलेला चिखल ढवळू लागला. त्यातच मोटारबोटींच्या लाटांनी काठ ढासळू लागले. फरसाठी १९२९ पासून आणलेले आणि पिंजऱ्यांतून निसटलेले कॉयपू हे दक्षिण अमेरिकेतले मोठे उंदरासारखे प्राणी रीडची मुळे फस्त करत सुटले. कॉयपूंचा नायनाट व्हायला १९८९ साल उजाडले.

याच पॅरिशमधल्या कॉकशूट ब्रॉडवर १९८२ साली एक प्रयोग झाला. ब्रॉड आणि नदी यांच्यामध्ये बांध घालून घाण पाणी तोडले आणि तळाचा फॉस्फरसने भरलेला काळा चिखल पंपाने उपसून काढला. सुरुवातीला पाणी निवळले, वनस्पती परतल्या. सगळ्यांना वाटले, जमले. काही वर्षांत पाणी पुन्हा गढूळ झाले. कारण शोधायला तळ्याची खानेसुमारी करावी लागली. शेवाळ खाणारी पाणपिसू फार कमी उरली होती, आणि ती कमी होती कारण तिला खाणारे मासे वाढले होते. तळात लपायला झाडेच नसतील तर पाणपिसू जगणार कशी? मग काही मासे काढून टाकले. पाणपिसू वाढली, तिने शेवाळ खाल्ले, पाणी निवळले, उजेड तळापर्यंत पोहोचला आणि वनस्पतींनी पुन्हा जोर धरला. नुसते प्रदूषण थांबवून तळे पूर्ववत होत नाही, त्यातले जीवांचे गणितही जुळावे लागते, हा धडा जगभरच्या उथळ तळ्यांच्या अभ्यासकांनी येथून घेतला. पुढे बार्टन या दुसऱ्या ब्रॉडमधून तीन लाख घनमीटरांच्या आसपास चिखल काढला गेला आणि शुद्धीकरण केंद्रांत फॉस्फरस वेगळे काढणे सक्तीचे झाले. मध्ययुगात फावड्याने केलेले काम आता पंपाने पुन्हा करावे लागले. १९८९ पासून सगळ्या प्रदेशाची देखरेख ब्रॉड्स अथॉरिटीकडे आहे. ३०३ चौरस किलोमीटर आणि दोनशे किलोमीटरांहून लांब जलमार्ग तिच्या कक्षेत येतात.

या मेहनतीचे फळ कोणते, असे कोणी विचारले तर मी स्वॉलोटेल फुलपाखराचे नाव घेईन. पिवळे पंख, त्यांवर काळ्या रेघा, मागे दोन शेपट्या. ब्रिटनमधली त्याची स्वतंत्र उपजात आज फक्त ब्रॉड्समध्येच टिकून आहे. केंब्रिजजवळच्या विकन फेनमधून ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला नाहीशी झाली. तिची अळी ओल्या दलदलीत वाढणाऱ्या मिल्क पार्सली या एकाच वनस्पतीवर जवळजवळ सर्वस्वी अवलंबून असते. ही वनस्पती उजेड मागते. गवत कापले नाही तर ती झाडांच्या सावलीत मरते, आणि तिच्याबरोबर फुलपाखरूही. म्हणजे देशातले सर्वांत मोठे फुलपाखरू कोयत्याच्या भरवशावर जगते आहे. बिटर्न हा लपून राहणारा बगळ्याच्या कुळातला पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये वीण घालेनासा झाला होता. १९११ साली तो ब्रॉड्समध्येच पुन्हा पिल्ले वाढवताना सापडला. एमा टर्नर या छायाचित्रकार बाईंनी आणि जिम व्हिन्सेंट या रखवालदाराने ते पिल्लू रीडच्या बनात शोधून काढले. क्रौंच पक्षी काही शतकांच्या खंडानंतर १९७९ मध्ये ब्रॉड्समधल्याच हॉर्सीच्या दलदलीत उतरले आणि तेथेच स्थिरावले.

पुढचे संकट समुद्राकडूनच येणार. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राच्या भरतीने इंग्लंडमध्ये ३०७ बळी घेतले, त्यांतले सुमारे शंभर नॉरफोकचे होते. ब्युअरचे पात्र इतके सपाट आहे की मोठी भरती आली की खारे पाणी कित्येक किलोमीटर आत चढते आणि गोड्या पाण्यातले मासे मरतात. मिल्क पार्सलीला खारे पाणी सोसत नाही. समुद्राची पातळी वाढते आहे. दर काही वर्षांनी बांध आणखी उंच करत राहायचे, की काही जमीन पाण्याला देऊन टाकायची, हा वाद या भागात सध्या खराखुरा चालू आहे.

मराठी वाचकाने हे सगळे का वाचावे? एक कारण रामसर करारात आहे. ब्युअरकाठच्या या दलदली १९७६ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत. त्याच यादीत २०२० साली महाराष्ट्रातले पहिले नाव आले, ते नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरचे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर ब्रिटिश अमदानीत सिंचनासाठी बंधारा बांधला गेला, त्यामागे गाळ साचला, रीडसारखी बने वाढली आणि पक्षी आले. म्हणजे तेही माणसाच्या हातूनच घडलेले. ‘मानवनिर्मित आहे, मग त्याचे जतन कशाला’ हा युक्तिवाद आपल्याकडे तलाव बुजवताना वारंवार ऐकू येतो. रॅनवर्थचा प्रत्येक ब्रॉड मानवनिर्मित आहे आणि प्रत्येक ब्रॉडला कायद्याचे संरक्षण आहे. आपल्या गावतळ्याबाबतीत असा युक्तिवाद कोणी केला, तर त्याला या तीन गावांचे उदाहरण जरूर द्यावे.

आणि इंग्लंडला जाणे झाले तर लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून नॉरिचला साधारण दोन तासांत गाडी पोहोचते. फुलपाखरू पाहायचे असेल तर मेअखेर ते जुलैच्या सुरुवातीचे दिवस निवडावेत, ऊन असलेला आणि वारा पडलेला दिवस बघावा. कापणी पाहायची असेल तर हिवाळ्यात जावे. चर्चच्या मनोऱ्यावर चढायला ८९ पायऱ्या आहेत, त्यांच्या पुढे दोन शिड्या आहेत, आणि वरून एका नजरेत पाच-सहा ब्रॉड दिसतात.